उताराचे सर

आमचे पी.टी.चे सर स्टाफरूममध्ये खुर्चीवर बसायला लागले, की मुख्याध्यापक मीटिंगचा पहिला विषय काढत. सर खुर्चीला टेकले, की दुसरा. यात अतिशयोक्ती आहे, पण थोडीच. सर आधी खुर्चीकडे पाठ करत, पाय फाकवून उभे राहत, दोन्ही हात पुढे धरत आणि मग भरलेली कढई चुलीवरून उतरवावी तसे स्वतःला खाली उतरवायला लागत. मध्येच कुणी काही विचारलं तर तिथेच थांबून उत्तर देत. ना उभे, ना बसलेले. नवीन माणसाला वाटे, सरांच्या पाठीत उसण भरली आहे. मलाही पहिल्या दिवशी तसंच वाटलं. मी धावत जाऊन त्यांच्या खाली खुर्ची सरकवली, ती त्यांच्या गुडघ्यांना मागून लागली आणि सर धपकन बसले.

"मॅडम," ते म्हणाले, "आज तुम्ही माही कसरत मोडली."

आणि ते उठून पुन्हा पहिल्यापासून बसायला लागले.

गोंडपिपरीच्या शाळेतली ती माझी पहिली नोकरी. गडचिरोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि आमच्या बदल्या-बढत्यांचे कागद या जिल्ह्यातून त्या जिल्ह्यात फेऱ्या मारत होते. माणसं मात्र जागच्या जागी होती. मी विज्ञान शिकवायची. वडील गेल्यापासून आई माझ्याकडे राहायची, आणि आम्हां दोघींना सरांच्याच घराच्या मागच्या दोन खोल्या भाड्याने मिळाल्या होत्या. म्हणजे शाळेत सर सहकारी आणि घरी घरमालक. सुट्टीच्या दिवशीसुद्धा त्यांच्या नजरेसमोर धपकन बसायची सोय नव्हती.

सरांचा साऱ्या जगाशी एकच वाद होता. जग चढण्याचं कौतुक करतं आणि उतरण्याकडे कुणी बघत नाही. सकाळी ते विहिरीवर गेले की काकू, म्हणजे त्यांची बायको, कपाळाला हात लावायच्या. इतर माणसं बादली विहिरीत सोडून देतात, रहाट गरगर फिरतो आणि बादली पाण्यावर आपटते. सर दोर मुठीत धरून बादली वीत वीत खाली सोडत. भरलेली बादली वर ओढायला मात्र ते कुणाला तरी हाक मारत. बहुतेक वेळा मलाच.

"वर ओढताना दंडाचा स्नायू आखडते," ते मला दोर देत समजावत, "आणि खाली सोडताना तोच स्नायू लांबते. पण ढिला नाई पडत. ब्रेक धरून लांबते. खरी ताकद त्या ब्रेकात आहे, मॅडम. उचलाले कोणी बी उचलते."

"अवो, पण सोडताना बादली रिकामी असते नं!" काकू ओसरीवरून ओरडायच्या. "रिकाम्या बादलीले कायचा ब्रेक लावून राह्यले?"

"सुरुवात हलक्यानंच कराची असते."

"लग्नाले इतकी वर्षं झाली, अजून सुरुवातच होऊन राह्यली!"

ही विद्या सरांना लष्करातून मिळाली होती. तरुणपणी ते फौजेत होते, फुटबॉल खेळताना गुडघा गेला आणि लष्करी दवाखान्यातल्या एका डॉक्टरने त्यांना पायऱ्या उतरायला लावून लावून बरं केलं. हा डॉक्टर कधी पंजाबी असायचा, कधी मद्रासकडचा आणि एकदा तर चक्क जर्मन होता. मी एकदा सहज म्हटलं, "सर, मागच्या वेळी तुम्ही पंजाबी म्हणाला होतात." सरांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "मॅडम, डॉक्टरच्या मुलखावर जाऊ नका. गुडघ्यावर जा." आणि पँट वर करून त्यांनी गुडघा दाखवला. गुडघ्यावर एक पांढरा व्रण होता, आणि तो कुठल्याच मुलखाचा वाटत नव्हता.

आमचा मुलूख सपाट. धानाच्या बांध्या म्हणजे खाचरं, त्यांच्या कडेने धुरे म्हणजे बांध, मध्ये मध्ये तलाव. उतार म्हणावा असा एकच, तलावाच्या पाळीचा, म्हणजे पाणी अडवणाऱ्या भरावाचा. सरांनी तो शाळेसाठी जवळजवळ ताब्यातच घेतला होता. पी.टी.च्या तासाला पोरं पाळीवर चढायची ती एकमेकांना ढकलत, दात काढत, कशीही. त्याकडे सर बघतसुद्धा नसत. ते पाळीकडे पाठ करून शिट्टी पुसत उभे राहत. उतरायची वेळ आली की वळत, आणि मग एकेक पाऊल तपासून घेत. मैदानातल्या आडव्या दांडीला लोंबकळून वर जाताना जिथे पोरांचा जीव निघायचा, तिथे सरांनी स्टूल ठेवलं होतं. स्टुलावर चढा, हनुवटी दांडीवर टेकवा, स्टूल बाजूला करा आणि हळूहळू खाली या. एका मुलाचे वडील तक्रार घेऊन आले होते. "सर, माहा पोरगा घरी येऊन सांगते का शाळेत आज बी उतरलो. त्याले एखाद्या दिवशी वरतं बी जाऊ द्या."

"त्याले उतरता येऊ द्या," सर म्हणाले, "वरतं तो तुम्हाले न विचारता जाईन."

हे वडिलांना पटलं असावं, किंवा समजलं नसावं. ते जय भीम करून निघून गेले.

एसटीतून सर उतरायचे तो तर गावातला एक करमणुकीचा कार्यक्रम होता. शेवटच्या पायरीवर एक पाय, दुसरा पाय हवेत, दांडी धरलेली, चेहरा समाधी लागल्यासारखा. मागे बायाबापड्या, गठडी, कोंबड्या. कंडक्टर घंटी मारायला हात वर करून थिजलेला. "अवो सर, उतरून राह्यले का नाई?" असं कुणी विचारलं की सर म्हणायचे, "तेच तर करून राह्यलो."

आता आईचं सांगते.

त्या पावसाळ्यात आई चिमूरकडे मामाच्या शेतावर धानाच्या रोवणीला गेली होती. मी नको म्हणत होते, पण रोवणीला न गेलेला पावसाळा तिला पावसाळा वाटत नसे. ओल्या धुऱ्यावरून पाय घसरला आणि नडगीचं हाड मोडलं. चंद्रपूरला प्लास्टर घातलं. ते दसऱ्याच्या सुमाराला निघालं तेव्हा आतून पायाऐवजी काठी निघाली. डॉक्टर म्हणाले, हाड छान जुळलं आहे, आता पाय वापरा, मांडीत ताकद येऊ द्या. आई चालायला लागली, पण बसणं तिला जमेना. अर्ध्यापर्यंत यायची आणि मग पाय सोडून द्यायचा. ती बाजेवर बसायची म्हणजे बाजेवर पडायची. एक दिवस बाजेची दोरी तुटली आणि आई त्या भोकात अडकली. बाज सरांची होती.

आवाज ऐकून सर आले. बाजेचं काय झालं हे विचारायलाच आले होते, कारण घरमालक होते. मी आईला बाहेर काढलं.

"काय झालं, बाई?"

"काई नाई, सर. बसली मी."

"बसून दाखवा."

आईने दुसऱ्या बाजेवर बसून दाखवलं. बाज करकरली. सरांच्या डोळ्यांत जे तेज आलं ते मी पुढे फक्त एकदाच पाहिलं, त्यांचा मुलगा मॅट्रिक झाला तेव्हा.

"बाई, तुम्ही बसत नाई, पडता," ते म्हणाले. "डॉक्टरनं हाड जुळलं म्हणून सांगतलं नं? पक्कं? वजन देऊ म्हणले नं? मंग उद्यापासून आपण उतरू."

तुटलेल्या बाजेचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

आईला या सगळ्यात काडीचा रस नव्हता. रस आला तो माझ्या मोठ्या बहिणीच्या सासूमुळे. ताई मार्कंड्याकडच्या एका गावात दिलेली. तिला दिवस गेले होते आणि बाळंतपणाला ती आमच्याकडे येणार होती. पहिलंच नातवंड. विहीणबाई दिवाळीत भेटायला आल्या, आईचा पाय पाहिला, जिभेने चक् चक् केलं आणि म्हणाल्या, "तुमाले आता खाली बसता नाई येत. बाळाच्या आंघोळीची काळजी नका करू. मी येईन नं. मीच घालीन पायावर घेऊन."

आमच्याकडे नवजात बाळाला आजी न्हाऊ घालते. पाटावर बसायचं, दोन्ही पाय समोर लांब करायचे, बाळाला नडग्यांवर निजवायचं आणि तेल चोळून कढत पाणी घालायचं. त्यासाठी जमिनीजवळ जावं लागतं. बाजेवर बसून हे होत नाही.

विहीणबाई बसमध्ये बसेपर्यंत आई हसतमुख होती. बस हलली आणि ती माझ्याकडे वळली. "माह्या घरी येऊन, माह्या लेकीच्या लेकराले, माह्या समोर ती न्हाऊ घालन? आणि मी बाजेवर बसून पाहीन?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सर शिट्टी घेऊन आले, तेव्हा आई आधीच पदर खोचून उभी होती.

सरांनी पाटाखाली दोन्ही बाजूंना विटा रचून खुर्चीएवढं उंच आसन केलं. आई त्यावर हळू बसायला शिकली की दोन्हीकडून एकेक वीट कमी करायची, असं करत करत पाट जमिनीवर आणायचा. बेत सुरेख होता. फक्त विटा काकूंच्या होत्या. काकूंनी किती वर्षं मागे लागून घरामागे न्हाणीघर बांधायला घेतलं होतं आणि भिंत कमरेपर्यंत आलेली असताना सरांनी उरलेल्या विटा उचलून आमच्याकडे आणल्या. त्यामुळे आईच्या गुडघ्यावर आता दोन घरांचं लक्ष लागलं. काकू रोज दोन अंगणांमधल्या कुंपणावरून विचारायच्या, "बाई, आज एखादी वीट सुटन का? थंडी पडून राह्यली, आणि माही भिंत अजून कमरेलेच आहे."

सरांचे नियम कडक होते. खांबाला दोर बांधला होता, तो आईने हातात धरायचा, पण ओढायचा नाही. भिस्त पायावर, दोर फक्त भीतीसाठी. मी मागे हात पसरून उभी. खाली येताना घाई नाही, शेवटच्या वीतभर तर मुळीच नाही, कारण माणूस तिथेच पाय सोडतो. थोड्या वेळा करायचं आणि मग दोन दिवस सुट्टी. आणि उठायचं नाही. उठवायचं काम माझं. "त्यांची ताकद उतरण्यात खर्च होऊ द्या," असं सर म्हणत आणि मी आईला काखेत हात घालून वर काढत असे. त्या हिवाळ्यात खरे दंड कुणाचे झाले असतील तर ते माझे.

सर्वांत कठीण नियम श्वासाचा. आई उतरताना श्वास कोंडून धरायची आणि लाल व्हायची. सर म्हणाले, "बोलत बोलत उतरा, म्हणजे श्वास कोंडतच नाई. काही तरी म्हणा." आईने पाढे म्हणून पाहिले, पण तिला दोनाच्या पुढे पाढा येत नव्हता आणि बेचा पाढा फार लवकर संपायचा. गाणं म्हटलं तर ती रमून मध्येच थांबायची. शेवटी एका सकाळी ती उतरता उतरता स्वतःशीच पुटपुटली, "चक् चक् करते. मोठी आली. चहात साखर कमी म्हणते. पिठात मीठ जास्त म्हणते. माह्या लेकीले काळी म्हणली होती पाहाले आली तेव्हा..." आणि पाटावर अलगद टेकली. आवाजसुद्धा झाला नाही.

"हे काय म्हणलं तुम्ही?" सरांनी विचारलं.

"विहीणबाईचं."

"अजून आहे?"

"लय हाय."

"मंग हेच म्हणाचं."

त्या दिवसापासून आमच्या घरात विहीणबाईंचा उद्धार वेळापत्रकाप्रमाणे व्हायला लागला. पाट जसजसा खाली गेला तसतसं अंतर वाढलं आणि आईला नवी नवी गाऱ्हाणी शोधावी लागली. पण त्या बाबतीत तिला कधी टंचाई पडली नाही.

मध्ये एकदा तिने घोळ घातला. मी शाळेत गेल्यावर लवकर सगळ्या विटा संपवाव्यात म्हणून ती दुपारभर दोर धरून खालीवर करत बसली. संध्याकाळी मला म्हणाली, "पाह्य, काई दुखत नाई." दुसऱ्या दिवशी जरा ठणकलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ती अंथरुणात पडून छताशी बोलत होती. सर आले, उभ्या उभ्या त्यांनी चौकशी केली. मांडीच्या मांसात सगळीकडे दुखते का सांध्यात एका जागी टोचते? सुजलं का? आई म्हणाली, मांसात, सगळीकडे, हसलं तरी दुखते.

"मंग काई भेव नाई. सांध्यात चाकूवानी टोचलं असतं तर आत्ताच डॉक्टरकडे नेलं असतं," सर म्हणाले. "पण ध्यानात ठेवा, बाई. उतरणं हे लबाड आहे. करताना गोड लागते. दुखणं दोन दिवसांनी येते, पाहुण्यावानी, सामान घेऊन. म्हणून थोडंच कराचं. मन भराच्या आत थांबाचं. माह्यावर भरवसा ठेवा, मी कधी जास्त केलं नाई, करणार बी नाई."

या वाक्याला काकू कुंपणाशी साक्षीला होत्या, ते बरं झालं.

जानेवारीत पाट एका विटेवर आला. ताईला मुलगी झाली. गावच्या दवाखान्यातून ती घरी यायची होती आणि त्याच आठवड्यात शाळेचं स्नेहसंमेलन होतं. आमच्या भागात नाटकाचं वेड सांगायला नको. धान घरात आलं की गावोगाव पडदे बांधले जातात. शिक्षकांनीही दरवर्षी एक नाटक करायचंच. ते भर दुपारी, मैदानावर, कारण विजेचा भरवसा नव्हता. त्या वर्षी सर म्हातारा जमीनदार झाले होते. पुतण्या त्याला दुधातून विष देतो आणि तो मरतो, एवढंच त्यांचं काम. पण मरणं सरांनी तालमीपासूनच मनावर घेतलं होतं. मुख्याध्यापक दिग्दर्शक. ते म्हणायचे, "सर, विष प्यायलात, पडा आता." सर म्हणायचे, "पडत नसतात, सर. उतरत असतात."

प्रत्यक्षात ते जे काही मेले, त्याला तोड नाही. दुधाचा पेला हळूच खाली ठेवला. छातीला हात. मग गुडघे वाकायला लागले. एक वीत, आणखी एक वीत, डोळे आभाळाकडे, ओठांवर पुतण्याला शाप. अर्ध्यावर ते थांबले, अधांतरी, आणि तिथून सबंध कुटुंबाला क्षमा केली. मग पुन्हा उतरायला लागले. शेवटी पाठ जमिनीला लागली तेव्हा मागच्या रांगेतली एक म्हातारी हुंदके देत होती.

आणि कुणी तरी ओरडलं, "वन्समोर!"

गाण्याला वन्समोर मी ऐकला होता. मरणाला पहिल्यांदाच ऐकला. सर एक डोळा उघडून पडून होते. टाळ्या थांबेनात. ते उठले, पेला उचलला आणि पुन्हा मेले, पहिल्यापेक्षा हळू. पुन्हा वन्समोर. सरपंचांनी लाऊडस्पीकरवरून नारळ जाहीर केला. सर पुन्हा. जमीनदाराची बायको झालेले ड्रॉइंगचे मास्तर दर वेळी त्यांच्या अंगावर पडून रडत होते. त्यांचा आवाज बसला. पुतण्याला पुन्हा पुन्हा विष द्यावं लागल्यामुळे लोकांची त्याच्याबद्दलची चीड वाढत गेली आणि पुढून एक चप्पल आली. काकू बायकांच्या गर्दीतून उभ्या राहून ओरडल्या, "पुरे झालं! किती मरान?" सरांनी ते ऐकलं. मला दिसलं की ऐकलं. पण टाळ्यांच्या पुढे कुठला नियम टिकतो? ते पुन्हा उठत होते. शेवटी मुख्याध्यापकांनी स्वतः रंगमंचावर येऊन, त्यांना पायांना धरून विंगेत ओढत नेलं, आणि त्यालाही टाळ्या पडल्या.

संध्याकाळी सर आमच्या दाराशी आले, नारळ हातात. "पाहा, काई दुखत नाई," ते म्हणाले. आईने माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

दुसऱ्या दिवशी ताई बाळाला घेऊन घरी आली. विहीणबाईही शेवटच्या बसने उतरल्या, येतानाच तेलाची बाटली घेऊन. ठरलं, सकाळी आंघोळ. कोण घालणार हे मात्र ठरलं नाही, पण विहीणबाईंनी बाटली उशाशी ठेवली आणि आईने पाट.

सकाळी पाणी तापलं. पाटाखालच्या शेवटच्या दोन विटा मी काढल्या. अगदी जमिनीवर आई एकदाही उतरली नव्हती. ते आज सर दाराशी असताना करायचं ठरलं होतं. मी सरांना बोलवायला गेले. ते ओसरीवर खांब धरून उभे होते. रात्रभर उभेच होते की काय कोण जाणे.

"मॅडम," ते हळूच म्हणाले, "मले पायरी उतरता येऊन नाई राह्यली."

काकू आतून म्हणाल्या, "बसताही नाई येऊन राह्यलं. सकाळपासून तांब्या घेऊन पायरीपर्यंत जाऊन तसेच वापस आले."

"मांसाचं दुखणं आहे," सर म्हणाले. "सांध्याचं नाई. दोन दिवसात जाते."

मला हसू आवरेना, पण ते टिकलं नाही. आईने तीन महिने ज्यांच्या शिट्टीवर हे केलं तेच नेमके आज नव्हते. ती घाबरली आणि अर्ध्यावर पाय सोडला, तर जुळलेलं हाड पुन्हा मोडणार होतं, आणि तेही विहीणबाईंच्या समोर. येऊ नका म्हटलं तरी सर ऐकेनात. ते वळले, पायरीकडे पाठ केली आणि माळ्यावरून उतरतात तसे खांब धरून उलटे उतरले, कण्हत, प्रत्येक पायरीला काकूंचं नाव घेत. आयुष्यात पहिल्यांदा उतरताना त्यांनी उताराकडे पाठ केली. आमच्या दारापर्यंत आले. आत बायकांचं काम, म्हणून दाराकडे पाठ करून बाहेर उभे राहिले.

आई पाटासमोर उभी राहिली. विहीणबाई हात बांधून समोर. ताई बाळाला घेऊन खाटेवर. आईने दोर धरला, मी मागे हात पसरले. आईचे गुडघे वाकायला लागले.

"बाई, बोला!" बाहेरून सर ओरडले. "श्वास कोंडू नका! रोजचं म्हणा!"

"काय म्हणतात हो रोज?" विहीणबाईंनी कौतुकाने विचारलं.

मी डोळे मिटले. आई वाकलेल्या गुडघ्यांवर तशीच थांबली, लाल व्हायला लागली. मग तिने तोंड उघडलं.

"विहीणबाई... लय चांगल्या," ती म्हणाली आणि वीतभर खाली आली. "विहीणबाई... दुरून आल्या. तेल घेऊन आल्या. तेल चांगलं हाय. साडी... साडी बी चांगली हाय. माह्या लेकीले... उपाशी नाई ठेवत..."

आणि साठा संपला. तीन महिने गाऱ्हाण्यांची टंचाई पडली नव्हती, पण गुण तेवढ्यातच आटले. पाट अजून हातभर खाली होता. आईची मांडी थरथरायला लागली. ती विहीणबाईंकडे बघत होती, विहीणबाई तिच्याकडे.

"काऊन थांबल्या?" विहीणबाई म्हणाल्या. "म्हणा नं, माह्या हातचं पिठलं चांगलं असते."

"पिठलं चांगलं असते..." आई खाली सरकली.

"आणि माहा सोभाव. बोलाले तिखट, पण मनात काई नाई. म्हणा."

"बोलाले तिखट..." आई म्हणाली, फार मनापासून, "...मनात काई नाई."

आणि टेकली. पाट वाजला नाही. मी मागे धरलेले हात तसेच राहिले, त्यांना काही कामच पडलं नाही.

"बसल्या?" बाहेरून सरांनी विचारलं. त्यांचा आवाज बारीक झाला होता.

"बसली, सर," आई म्हणाली.

मी दारातून डोकावले तर सर दाराबाहेरच्या खांबाला कपाळ टेकवून उभे होते आणि काकू त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. इतका वेळ मी त्यांना हसत होते.

आईने पाय लांब केले. ताईने बाळाला तिच्या नडग्यांवर निजवलं, मोडून जुळलेल्या आणि न मोडलेल्या, दोन्हींवर. आईने तेल चोळलं, विहीणबाईंनी पाणी घातलं. बाळ आधी किंचाळलं, मग गप्प झालं, मग तिथेच झोपलं. ताईने ते फडक्यात गुंडाळून घेतलं. विहीणबाईंनी पदराला हात पुसले आणि आईपुढे हात केला.

"द्या हात, बाई. उठा आता."

मीही सवयीने काखेत हात घालायला वाकले. आईने दोघींचेही हात बाजूला केले.

"राहू द्या," ती म्हणाली. "रोवणीपासून तुमी समदे खाली बसता, खाली जेवता, आणि मी आपल्याच घरात पाहुणीवानी बाजेवर. आज घरात बसली मी. बसू द्या मले."

मग विहीणबाई तिच्याजवळ खाली बसल्या, काकू आल्या त्याही बसल्या, आणि चहा आम्ही तिथेच, ओल्या जमिनीवर घेतला. सरांना मी दारात नेऊन दिला. त्यांनी तो उभ्यानेच घेतला.